मुंबईतली जुनी कॅम्पर व्हॅन घेताय? आधी तिथला माणूस गाठा

नागपुरात किंवा कोल्हापुरात बसून मुंबईतली जुनी कॅम्पर व्हॅन (आत पलंग-ओटा बसवलेली गाडी) ठरवत असाल, तर नुसत्या फोटोंवर टोकन देऊ नका. मुंबईतला एखादा नातेवाईक किंवा मित्र गाठा. त्याच्यासोबत विकणाऱ्याच्या ओळखीतला नसलेला मेकॅनिक पाठवा आणि त्याचे पैसे तुम्हीच द्या.

इथे जास्त भीती गंजाची आणि पावसाच्या पाण्याची. खारी हवा चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पोखरते, पण वरून ताजा काळा रंग मारला की फोटोत काहीच कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला सांगा. गाडी तुंबलेल्या पाण्यात उभी राहिली असेल तर पट्ट्यावर अनेकदा चिखलाचा डाग सापडतो. छताच्या सांध्यांखालचं प्लायवूड अंगठ्याने दाबून बघावं. मऊ लागलं तर पाणी मुरलंय. टायरवरचा चार अंकी तारखेचा आकडाही वाचून घ्या: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. हे सगळं व्हिडिओ कॉलवर, आणि इंजिन थंड असताना.

चासी नंबर आरसीशी जुळवा, कर्जाचा बोजा बघा. पलंग-ओटा बसवताना गाडीत केलेला बदल आरसीवर चढलेला नसेल, तर मी तरी तो सौदा सोडून देईन. आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात पुढे तुम्हीच अडकू शकता.