‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ नाशिकच्या प्रेक्षकांना कसा दाखवावा

‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ हा १९५१ सालचा ब्रिटिश विनोदी चित्रपट, बँकेच्या सोन्यावर डल्ला मारायला निघालेल्या चार दरोडेखोरांची गोष्ट सांगतो. लंडनच्या पश्चिम भागातील ईलिंग स्टुडिओत मायकेल बाल्कन यांच्या निर्मितीखाली तो तयार झाला, दिग्दर्शन चार्ल्स क्रायटन यांनी केले आणि टी. ई. बी. क्लार्क यांना त्याच्या कथा-पटकथेसाठी ऑस्कर मिळाले. वाचनालयाच्या छोट्या सभागृहात, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा घरीच दहा-बारा मराठी प्रेक्षकांना हा चित्रपट दाखवण्याचे ज्यांच्या मनात असेल, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. माझे ठाम मत असे की या चित्रपटातील हसू दरोडेखोरांच्या मूर्खपणातून येत नाही. त्यांचा बेत खरोखर उत्तम असतो, आणि तो प्रेक्षकाला नीट समजलेला असेल तरच पुढे त्याची एकेक कडी निखळताना पाहण्यात मजा असते. त्यामुळे दाखवणाऱ्याची सारी मेहनत बेत स्पष्ट करण्यावर असावी आणि त्याच्या परिणामाविषयी मात्र त्याने तोंड मिटून ठेवावे.

सर्वप्रथम चित्रपट स्वतः पूर्ण पाहावा आणि कथानकाचा सांगाडा लिहून काढावा. हेन्री हॉलंड हा बँकेचा एक निरुपद्रवी, काटेकोर कारकून; भट्टीतून बँकेत येणाऱ्या सोन्याच्या विटांच्या गाडीसोबत राहणे हे त्याचे वर्षानुवर्षांचे काम. सोने पळवण्याचा विचार त्याच्या डोक्यात फार पूर्वीपासून असतो, पण ते देशाबाहेर न्यायचे कसे याचे उत्तर त्याला सापडत नाही. तो लॅव्हेंडर हिल भागातील ज्या खाणावळवजा घरात राहतो, तिथे पेंडलबरी नावाचा नवा भाडेकरू येतो. पेंडलबरीचा कारखाना शिशाच्या शोभेच्या वस्तू ओततो आणि त्यांतले आयफेल टॉवरच्या आकाराचे कागददाब (पेपरवेट) सोनेरी मुलामा देऊन पॅरिसला पाठवतो. हॉलंडला उत्तर सापडते ते इथे. हॉलंडची भूमिका ॲलेक गिनेस यांनी आणि पेंडलबरीची स्टॅन्ली हॉलोवे यांनी केली आहे. सिडनी जेम्स आणि आल्फी बास हे उरलेले दोन साथीदार. बेत इथवर प्रेक्षकांना आधी सांगायला हरकत नाही. पॅरिसला काय होते, पाठलाग कुठे संपतो आणि शेवटच्या दृश्यात काय उलगडते, याचा उच्चारही करू नये, आणि म्हणून मीही तो इथे करत नाही.

प्रत अधिकृत असावी. ईलिंगच्या जुन्या चित्रपटांचे हक्क आज स्टुडिओकॅनल या कंपनीकडे आहेत आणि तिने काढलेल्या डिस्कमध्ये चित्र स्वच्छ दिसते. इंटरनेटवर फिरणाऱ्या फुकट प्रतींत डग्लस स्लोकोम यांचे कृष्णधवल छायाचित्रण अक्षरशः मातीमोल झालेले असते. घरच्या मंडळींपुरता प्रश्न नाही, परंतु सभागृहात जाहीर खेळ करायचा असेल तर तिकीट नसले तरीही हक्कधारकांकडे लेखी विचारणा पुरेशी आधी करावी आणि उत्तर येईपर्यंत तारीख जाहीर करू नये.

चित्राच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ते ताणणे. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असते, आणि आजचा प्रोजेक्टर किंवा टीव्ही ती आपोआप रुंद करून पडदाभर पसरवतो. मग गिनेस यांचा किरकोळ देहाचा कारकून ऐसपैस दिसू लागतो आणि त्या पात्राचा अर्धा प्रभाव तिथेच जातो. सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण ठेवावे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. कृष्णधवल चित्राला अंधार लागतो. उन्हाळ्यात नाशिकमध्ये सातपर्यंत उजेड रेंगाळतो, तेव्हा खिडक्यांना जाड पडदे नसतील तर खेळ साडेसातच्या पुढे ठेवणे बरे. गच्चीवर दाखवण्याचा मोह थंडीत टाळावा, कारण डिसेंबर-जानेवारीतील नाशिकची हवा ऐंशी मिनिटे बसू देत नाही आणि कुडकुडणारा माणूस हसत नाही. आवाज एकाच वाहिनीचा असल्याने दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवण्यापेक्षा एक चांगला स्पीकर पडद्याच्या खाली मध्यभागी ठेवावा, म्हणजे संवाद पडद्यातूनच आल्यासारखा ऐकू येतो. फरशी उघडी असेल तर सतरंज्या अंथराव्यात. घुमणारा आवाज इंग्रजी संवादांचा शत्रू आहे.

संवादांच्या तळपट्टीचा, म्हणजे सबटायटल्सचा, विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. इंग्रजीत सराईत असलेल्या प्रेक्षकालाही सिडनी जेम्स आणि आल्फी बास यांची लंडनच्या कामगार वस्तीतील बोली सहज कळत नाही, तेव्हा निदान इंग्रजी तळपट्टी असावीच. मराठी तळपट्टी तयार करणारा कोणी मिळाला तर सोन्याहून पिवळे. त्याला एवढेच सांगावे की एका वेळी दोनच ओळी असाव्यात, ओळ आखूड असावी, प्रत्येक शब्द उतरवण्यापेक्षा बेताशी संबंधित वाक्य चुकू नये, आणि जोडाक्षरे तुटत नाहीत ना हे ज्या संगणकावरून चित्रपट चालणार त्याच संगणकावर आदल्या दिवशी तपासावे. पॅरिसच्या प्रसंगात एक गोंधळ इंग्रजी अक्षर फ्रेंच कानाला वेगळे ऐकू येण्यातून होतो. तो नुसत्या भाषांतराने उमगत नाही, म्हणून तिथे एक छोटी खुलाशाची ओळ घालावी.

आता प्रास्ताविक. हे दहा मिनिटांहून लांबू नये, पण त्यात काय असावे याचा विचार मनापासून करावा, कारण चित्रपट रंगणार की नाही हे बहुतांशी इथे ठरते. पहिली गोष्ट काळाची. १९५१ च्या लंडनमध्ये महायुद्धातील बॉम्बफेकीने पडलेल्या इमारतींचे ढिगारे अजून तसेच होते आणि ते या चित्रपटात खरेखुरे दिसतात. रेशनिंग चालूच होते, ते पूर्णपणे उठले १९५४ साली. वर्षानुवर्षे काटकसर आणि शिस्त पाळून दमलेल्या समाजाला, कधीही नियम न मोडलेला एक कारकून एके दिवशी सगळेच नियम मोडायचे ठरवतो, ही कल्पना किती सुखावणारी वाटली असेल, हे एवढ्या माहितीवरून प्रेक्षकांच्या ध्यानात येते.

दुसरी गोष्ट सोन्याची. ब्रिटनमध्ये १९४७ च्या परकीय चलन नियंत्रण कायद्याने खासगी सोन्याच्या व्यवहारावर कडक बंधने घातली होती, त्यामुळे चोरीच्या विटा लंडनमध्ये विकणे जवळजवळ अशक्य होते. हा मुद्दा नाशिकमध्ये समजावून सांगायला वेळ लागत नाही. आपल्याकडेही १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत अंमलात होता, आणि सराफ बाजारातील जुन्या पेढ्यांवर बसलेल्या मंडळींना शुद्ध सोन्याची वीट जवळ बाळगणे म्हणजे काय होते हे चांगले ठाऊक आहे. असे कोणी ज्येष्ठ सराफ प्रेक्षकांत असतील तर त्यांनाच दोन मिनिटे बोलायची विनंती करावी. आयोजकाच्या भाषणापेक्षा त्यांचे बोलणे लोक जास्त लक्ष देऊन ऐकतील. नाशिकचा आणखी एक धागा आहे. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून भारतीय नोटा छापल्या जाऊ लागल्या, आणि त्यापूर्वी त्या छापून येत होत्या बँक ऑफ इंग्लंडकडून. क्लार्क यांनी पटकथेसाठी सोने पळवण्याची युक्ती शोधताना ज्या संस्थेकडे थेट चौकशी केली ती हीच बँक. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक छापखान्याच्या फाटकावर झडती देऊन घरी परतले आहेत, त्या गावाला विश्वासू कारकुनाच्या मनातील हा विचार परका वाटणार नाही.

तिसरी गोष्ट अगदी थोडक्यात सांगावी. एका पौंडाचे वीस शिलिंग, एका शिलिंगचे बारा पेन्स. शाळकरी मुलींना दहा शिलिंग देऊ केले जातात तेव्हा ती अर्ध्या पौंडाची, म्हणजे त्या काळच्या मुलीच्या दृष्टीने घसघशीत रक्कम असते, एवढे कळले की पुरे.

नटांची ओळख करून देताना गिनेस यांच्याविषयी एक गोष्ट जरूर सांगावी. डेव्हिड लीन यांच्या १९८४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये प्राध्यापक गोडबोले झालेले हेच नट, आणि या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले होते. त्याचबरोबर प्रेक्षकांना बजावावे की पहिल्याच दृश्यात, रिओ द जानेरोमधील उपाहारगृहात, ऑड्री हेपबर्न क्षणभर दिसतात. तेव्हा त्या प्रसिद्ध झालेल्या नव्हत्या. ही सूचना निमंत्रणातच छापली तर लोक वेळेवर येतात, आणि ते आवश्यकही आहे, कारण सबंध कहाणी त्या टेबलावर बसलेला हॉलंड आपल्या पाहुण्याला सांगतो आहे हे सुरुवातीलाच पाहिले नाही तर पुढचा सांधा हुकतो.

एकदा दिवे मालवले की मध्यंतर करू नये. चित्रपट जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे आणि त्याची गती सतत वाढत जाणारी आहे. चहा आधी द्यावा, बटाटेवडे नंतर. चालू चित्रपटात काहीही समजावून सांगू नये. चोरांची टोळी जमवण्यासाठी हॉलंड आणि पेंडलबरी भुयारी रेल्वेत आणि गर्दीच्या ठिकाणी मोठमोठ्याने आपल्या कारखान्याच्या नादुरुस्त तिजोरीची चर्चा करतात. हा प्रसंग पहिल्या क्षणी प्रेक्षकाला चमत्कारिक वाटतो, आणि त्यांचा हेतू स्वतःहून उमगण्यातच त्याचा आनंद आहे. शेजारच्याला कुजबुजून सांगणारा एखादा उत्साही जाणकार असतोच; त्याला आदरपूर्वक शेवटच्या रांगेत बसवावे. आयफेल टॉवरच्या गोल जिन्यावरून दोघे उतरत जातात त्या दृश्याच्या आधी आवाज किंचित वाढवावा, कारण ज्यॉर्ज ऑरिक यांचे संगीत आणि धापा यांनीच ते दृश्य पेलले आहे.

नंतरची चर्चा सोन्याच्या हिशेबापासून सुरू करावी असे मी आग्रहाने सुचवीन, कारण ‘चित्रपट कसा वाटला’ या प्रश्नाला सभा मौनाने उत्तर देते. चित्रपटात दहा लाख पौंडांचे सोने पळवले जाते. त्या वर्षी सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर आणि पौंडाचा दर २.८० डॉलर होता, म्हणजे औंस साडेबारा पौंडांना पडत होता. त्या हिशेबाने दहा लाख पौंडांचे ८०,००० औंस, आणि सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा असल्याने वजन भरते सुमारे अडीच टन. बँकांची नेहमीची वीट ४०० औंसांची, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास. अशा सुमारे २०० विटा. चार माणसांनी, त्यांतील एक पोटार्थी कारकून आणि एक हौशी मूर्तिकार, त्या किती वेळात उतरवल्या असतील, हा प्रश्न फळ्यावर आकडे मांडून विचारला की मागच्या रांगाही बोलू लागतात.

त्यापुढे धातूंचा प्रश्न घ्यावा. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, सोन्याला १०६४ अंश लागतात, तेव्हा शिशाची भट्टी सोन्याला पुरेल का? शिवाय सोने शिशाच्या सुमारे १.७ पट जड असते. पेटी उचलणाऱ्या हमालाला फरक जाणवला नसता का? तांबट आळीत किंवा भांडी बाजारात ओतकाम, मूस आणि साचे ज्यांनी घरात पाहिले आहेत अशांना मुद्दाम बोलवावे. त्यांची उत्तरे ऐकताना चित्रपटाचा बेत किती विचारपूर्वक रचला आहे आणि कुठे सोयीने पुढे सरकला आहे, हे दोन्ही उघड होते.

वेळ उरला तर पोलिसांविषयी बोलावे. क्लार्क यांनीच वर्षभरापूर्वी ईलिंगसाठी ‘द ब्लू लॅम्प’ हा पोलिसांच्या कर्तव्यनिष्ठेवरचा गंभीर चित्रपट लिहिला होता, आणि इथे अखेरच्या पाठलागात त्यांनी त्याच पोलिसांच्या गाड्या आणि बिनतारी संदेश यांचा पार फज्जा उडवला. एकाच लेखकाने एकाच स्टुडिओत दोन्ही केले आणि त्याबद्दल कोणाचे काही बिघडले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मुलांसोबत आलेल्या पालकांनी चोरांबद्दल सहानुभूती वाटण्याचा प्रश्न काढलाच, तर व्हॅटिकनने १९९५ साली काढलेल्या ४५ महत्त्वाच्या चित्रपटांच्या यादीत या चित्रपटाला स्थान दिले होते, ही माहिती हाताशी ठेवावी.

तारखेसाठी ३० एप्रिलचा विचार जरूर करावा. त्या दिवशी १८७० साली त्र्यंबकेश्वरला दादासाहेब फाळके यांचा जन्म झाला. लोकांना खेळ आवडला तर पुढच्या महिन्यात ईलिंगचाच ‘द लेडीकिलर्स’ हा १९५५ चा रंगीत चित्रपट घ्यावा. त्यातही गिनेस आहेत, त्यातही लंडनमधील दरोडा आहे, पण सारा डाव उधळते ती केटी जॉन्सन यांनी साकारलेली एक भाबडी म्हातारी, आणि विनोद बराच काळोखा आहे. दोन्ही चित्रपट एकाच संध्याकाळी दाखवू नयेत. दुसऱ्याची चर्चा पहिल्याशी तुलना करण्यातच संपते, आणि केटी जॉन्सन यांच्या अभिनयाला, ज्यासाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, स्वतंत्र संध्याकाळ मिळायला हवी.