सोसायटीच्या हॉलमध्ये एलजीबीटीक्यू इतिहासाचा कालपट कसा लावावा

जूनमध्ये ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला कालपट लावणार असाल तर कार्डं भिंतीला चिकटवू नका. ओल धरलेल्या भिंतीवरून ती रात्रीत खाली येतात. सुतळी बांधा आणि कपड्यांचे चिमटे लावा. नायलॉनची दोरी नको, तिच्यावर चिमटे पंख्याच्या वाऱ्यानेही सरकतात आणि वर्षंच जागा सोडतात.

सुतळ्या दोन, एकीखाली एक. वरची १८६० ते १९९०, वर्षाला ६ सेंटिमीटर, एकूण ७.८ मीटर. खालची १९९० ते २०२३, वर्षाला २० सेंटिमीटर, एकूण ६.६ मीटर. माप बदललंय हे टोकाला ठळक लिहा. कार्ड ए-फोरच्या अर्ध्याचं, उभं. रुंद घेतलं तर २०१३ आणि २०१४ एकमेकांवर चढतात.

वरच्या सुतळीवर १८६०चं कलम ३७७ (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं) आणि १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, ज्यात हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद होती. त्यानंतर थेट १९६९, न्यूयॉर्कचं स्टोनवॉल (बारवरच्या पोलिसी छाप्याविरुद्धचा उठाव). मधली ५.८८ मीटर सुतळी रिकामी दिसते म्हणून तिथे पताका लावायचा मोह होतो. लावू नका. माणसं तेव्हाही होती, डोक्यावर कायदाही होता. ती रिकामी सुतळी लोकांना चालत पार करू द्या.

१९७८च्या कार्डावर चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा काढताना हमखास चूक होते. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ हाताला लागतं आणि सात पट्टे निघतात. सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरने केलेल्या झेंड्याला आठ रंग होते, आज रूढ झेंड्याला सहा आहेत. १९८१चं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ राहू देऊ नका. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका त्यांनी मराठी रंगभूमीवर आणली.

खाली १९९०चं ‘बॉम्बे दोस्त’ मासिक, १९९९ची कोलकात्याची प्राइड पदयात्रा (चालणारे फक्त १५), मग निकाल. इथे शब्द जपून वापरा. समलिंगी संबंध गुन्हा नाही हा २००९चा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा, २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. हे कार्ड काळ्या कडेचं करा, नाहीतर इतिहास सरळ चढता वाटतो. २०१४ला तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य झाला. ६ सप्टेंबर २०१८च्या कार्डावर ‘३७७ रद्द’ लिहू नका. सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, कलम उरलंच होतं. २०२३ला समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला गेला.

२०१९च्या तृतीयपंथीय हक्कसंरक्षण कायद्याच्या कार्डाखाली एक उपयोगाची ओळ लिहा: तृतीयपंथीयांचं ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर-पनवेल रायगडमध्ये. नवी मुंबई म्हणजे एकच जिल्हा समजून माणूस चुकीच्या कार्यालयात जातो.