इटलीची सहल आखताना आधी वार तपासा, आणि या चुका टाळा

इटलीला निघालेले आप्त आणि परिचित आपले प्रवासाचे आराखडे मला दाखवतात. बहुतेक वेळा तोपर्यंत विमानाची तिकिटे काढून झालेली असतात, हॉटेलांचे पैसे भरलेले असतात आणि दुरुस्त करण्यासारखे फार थोडे हाती उरलेले असते. चुका मात्र दरवर्षी त्याच असतात, म्हणून त्या एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोणते ठिकाण कोणत्या वारी बंद असते हे न पाहता मुक्काम ठरवणे. फ्लोरेन्समधील उफिझी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालये, रोममधील बोर्गेझे संग्रहालय आणि मिलानमध्ये लिओनार्दोचे 'शेवटचे भोजन' हे भित्तिचित्र असलेले दालन ही चारही ठिकाणे सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा त्याला अपवाद असून त्या सकाळी प्रवेश विनामूल्य असतो, त्यामुळे गर्दीही तशीच उसळते. बुधवारी सकाळी पोप यांची जाहीर भेट असते, तेव्हा सेंट पीटर्स बॅसिलिका सहसा दुपारपर्यंत प्रवाशांसाठी बंद ठेवतात.

ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. विद्यार्थिदशेत त्यांनी मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या डोळ्याची प्लॅस्टरमधली प्रतिकृती समोर ठेवून कितीतरी रेखाटने केली होती, आणि अकादेमियात असलेला मूळ पुतळा एकदा पाहावा ही त्यांची जुनी इच्छा होती. मी घाईघाईने आखणी केली. रविवारी संध्याकाळी आम्ही फ्लोरेन्सला पोहोचलो आणि मंगळवारी सकाळी आठ वाजता व्हेनिसला जाणाऱ्या गाडीची, पैसे परत न मिळणारी तिकिटे आमच्या हातात होती. सोमवारी सकाळी अकादेमियाच्या बंद दारासमोर उभे राहिल्यावर मला माझी चूक कळली. वडिलांना मी पियात्झा देल्ला सिन्योरिया या चौकात घेऊन गेलो. मूळ पुतळा 1873 पर्यंत तिथेच उघड्यावर उभा होता आणि आज तिथे दिसतो तो 1910 मध्ये बसवलेली प्रतिकृती आहे. वडील बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "जागा तरी तीच आहे ना." त्यानंतर त्यांचे पुन्हा जाणे झाले नाही.

तेव्हापासून मी विमानाचे भाडे पाहण्यापूर्वी एका कागदावर सहलीचे सगळे दिवस वारांसह लिहितो आणि बंद ठिकाणे त्या-त्या वारासमोर लाल शाईने मांडतो. मुक्काम त्यानंतर ठरतात. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि तेवढा धीर नसलेल्यांना मी पुढचे काहीच सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे 'तिथे गेल्यावर तिकीट काढू' हा भरवसा. 'शेवटचे भोजन' पाहायला लोकांना लहान गटांतून आत सोडतात आणि प्रत्येक गटाला 15 मिनिटे मिळतात. लिओनार्दोने ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवण्याची रूढ पद्धत सोडून कोरड्या भिंतीवर सावकाश काम केले, त्यामुळे रंगाचे पापुद्रे लवकरच सुटू लागले. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेले त्याचे जतनकार्य 1999 मध्ये पूर्ण झाले आणि आज माणसांबरोबर आत येणारी धूळ आणि दमट हवासुद्धा मोजूनमापून रोखावी लागते. ही मर्यादा चित्र टिकावे म्हणून घातलेली असल्यामुळे दारात विनवण्या करून उपयोग होत नाही. बोर्गेझेमध्येही ठरावीक वेळेचे, दोन तासांचे आरक्षण लागते.

कोलोसियमचे तिकीट नावावर निघते आणि प्रवेशद्वारापाशी ते ओळखपत्राशी ताडून पाहतात. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, तिकिटावर मात्र अनेकजण घरातले सुटसुटीत नाव घालतात. पासपोर्ट समोर ठेवून त्यावरचे अक्षर न् अक्षर उतरवावे. तसेच, रांग टाळून आत नेण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांना अवाच्या सवा पैसे मोजू नयेत, कारण सुरक्षा तपासणीची रांग कोणालाही चुकत नाही.

मोटार भाड्याने घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. जुन्या शहरांच्या गाभ्यात 'झोना त्राफिको लिमितातो' म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. तिथे नाका किंवा शिपाई नसतो, फक्त पाटी आणि कॅमेरा असतो. माझे एक स्नेही हॉटेल शोधताना एकाच संध्याकाळी तीनदा अशा हद्दीत शिरले आणि परतल्यावर काही महिन्यांनी त्यांना तीन वेगवेगळे दंड आले. गाडी शहराबाहेरच्या वाहनतळावर ठेवावी आणि भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवानाही जवळ बाळगावा.

प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. शुद्ध शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवावे की पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरून केलेले असते. व्हिसा हाती येण्यापूर्वी पैसे परत न मिळणारे काहीही विकत घेऊ नये.

आता ज्या चुकीवरून माझे सर्वांशी मतभेद होतात तिच्याकडे येतो. 'एवढा खर्च करून जातोच आहोत, तर आणखी दोन शहरे होऊन जाऊ देत' असे म्हणत लोक नऊ रात्रींत सहा शहरे बसवतात. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने दीड तास लागतो हे खरे आहे, पण सामान आवरणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, नवे हॉटेल शोधणे आणि दुपारी खोली मिळेपर्यंत थांबणे यांत अर्धा दिवस सहज जातो. सहा शहरांसाठी पाच वेळा मुक्काम हलवला, तर अडीच दिवस सामान ओढण्यातच संपतात. माझ्या मते नऊ रात्रींना रोम चार, फ्लोरेन्स तीन आणि व्हेनिस दोन एवढेच पुरे आहे. रोमला उतरावे आणि व्हेनिसहून परतीचे विमान धरावे, म्हणजे विमानासाठी पुन्हा रोमला जाण्याचा दिवस वाचतो.

फ्लोरेन्सला तिसरी रात्र द्यावी असे मी मराठी माणसांना सांगतो, त्याला आणखी एक कारण आहे. कोल्हापूरचे विशीतले छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतत असताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी याच शहरात वारले आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे 1874 मध्ये उभारलेल्या छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलालाही त्या स्मारकावरून 'पोंते अल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल, असे नाव मिळाले आहे. स्मारक कॅशिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला असून ते उघड्यावर असल्याने तिथे तिकीट लागत नाही. बाग लांबलचक आहे, तेव्हा सकाळी नदीकाठाने चालत जायचे असेल तर येण्याजाण्यासाठी निवांत तीन तास राखून ठेवावेत. संग्रहालये बंद असतात तो सोमवार त्यासाठी योग्य आहे.