परदेशातून गावच्या टेलरकडे कपडे शिवायला टाकताना

मस्कत, दोहा किंवा लंडनला राहूनही चिपळूण-सावंतवाडीच्या टेलरकडून कपडे शिवून घेता येतात आणि ते अंगाला नीट बसतातही. घोळ होतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. तुम्ही तयार कपड्याचं माप पाठवता आणि टेलर ते अंगाचं समजतो, किंवा उलट. अंगाची छाती 40 इंच असेल तर साधा शर्ट तयार होऊन 44 च्या आसपास येतो. कागदावर नुसतं ‘छाती 44’ लिहिलंत आणि टेलरने त्यावर आपलं चार इंच लूज धरलं, की शर्ट 48 चा. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘अंगाचं’ किंवा ‘तयार’ लिहा, आणि मापं इंचातच द्या.

त्याहून खात्रीचा म्हणजे मापाचा कपडा. सुट्टीवर याल तेव्हा नीट बसणारा एक शर्ट, एक पँट किंवा एक ब्लाऊज गावी ठेवून जा. टेलरकडे नको, घरी. सणाच्या गर्दीत मापाचा ब्लाऊज कुणाच्या पिशवीत जाईल सांगता येत नाही. आई किंवा वहिनी कापडाबरोबर नेऊन देतील आणि शिवलेल्या कपड्याबरोबर परत आणतील. मापाचा कपडा ताणला जाणारा नसावा. ताणणाऱ्या कापडाच्या मापावर सुती शिवलं तर मुंढ्यात, म्हणजे काखेभोवती बाही जोडतात तिथे, हमखास आवळतं.

मापाचा कपडा गावी नसेल तर तुमच्याकडचा नीट बसणारा कपडा टेबलावर सपाट पसरून मोजा. शर्टाची सगळी बटणं लावा. काखेच्या शिवणीखाली एक इंचावर आडवी टेप धरा आणि येईल त्याची दुप्पट करा, ती तयार छाती. शोल्डर पाठीमागून, बाहीच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. कॉलर उघडून बटणाच्या मध्यापासून काजाच्या बाहेरच्या टोकापर्यंत. बाही शोल्डरच्या शिवणीपासून कफच्या कडेपर्यंत. पँटला कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम आणि उंची लागते. शिवाय एक माप लोक हटकून विसरतात: पुढच्या बेल्टपासून पायांमधून मागच्या बेल्टपर्यंतची गोलाई. ती चुकली तर कंबर बरोबर असूनही बसताना पँट ओढते. टेप लावलेल्या अवस्थेतच, वरून सरळ, आकडा दिसेल असे फोटो काढून पाठवा. जुनी कापडी टेप ताणून लांबलेली असते, आधी पट्टीशी पडताळून घ्या.

ब्लाऊजचं प्रकरण नाजूक. उंची, छाती, छातीखालचा घेर, शोल्डर, मुंढा, बाहीची लांबी, दंडघेर, पुढचा आणि मागचा गळा, शोल्डरपासून पॉइंटपर्यंतची (छातीच्या टोकापर्यंतची) उंची आणि दोन पॉइंटमधलं अंतर, एवढं हवंच. पॉइंट अर्धा इंच जरी खाली गेला तरी टक्स (आकारासाठी घातलेल्या चिमट्या) चुकीच्या जागी येतात, आणि ते नंतर उसवून फारसं सुधारत नाही. पुढचा-मागचा दोन्ही गळे खोल हवे असतील तर खांदा उतरतो. अशा वेळी शोल्डर पाव ते अर्धा इंच कमी घ्यायला सांगा आणि मागे नाडी लावून घ्या. फॅशनचा फोटो पाठवलात तर त्यातलं नेमकं काय हवंय तेही लिहा. गळा हवा असतो आणि टेलर बाहीसुद्धा तशीच करून ठेवतो.

कापड किती? 58 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) 1.60 मीटर फुल बाहीच्या शर्टाला, 1.20 ते 1.30 मीटर पँटला. 36 इंची पन्ह्याच्या शर्टाला अडीच मीटर धरा. ब्लाऊजला 80 सेंटीमीटर ते एक मीटर. चौकटी किंवा नक्षी जुळवायची असेल तर पाव मीटर जास्त.

सुती कापड बेतण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायला सांगा. तुमच्याकडे गरम पाण्याचं मशीन आणि ड्रायर असतो, गावच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यापेक्षा आकसणं तिथे जास्त. पाच टक्के म्हणजे 28 इंच उंचीच्या शर्टात जवळजवळ दीड इंच. अस्तर वेगळं भिजवा. कापड एका मापाने आणि अस्तर दुसऱ्या मापाने आटलं की ब्लाऊजवर चुण्या पडतात आणि इस्त्रीने जात नाहीत. रेशमी कापड मात्र भिजवायचं नाही, त्याचं फक्त अस्तर.

आतल्या बाजूच्या शिवणीत एक इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडून घ्या. परदेशात उसवून सैल करायची मजुरी बऱ्याचदा इथल्या अख्ख्या शिलाईएवढी होते. उरलेला तुकडा, दोन जादा बटणं आणि त्याच रंगाच्या धाग्याची रीळ मागून घ्यायला लाजू नका.

पहिल्या वेळी एकच कपडा शिवा, पाच नव्हे. वेळ गणपतीची असेल तर आषाढातच कापड पोचवा, श्रावणात टेलर नवीन काम घेत नाहीत आणि घेतलं तर वीज दगा देते. इंग्रजी महिन्यावर जाऊ नका: 2025 ला गणपती 27 ऑगस्टला होते, 2026 ला अधिक महिन्यामुळे 14 सप्टेंबरला.

पावसाळ्यात शिवलेला कपडा ओलसर घडी घातला तर वाटेत बुरशी धरतो आणि कुबट वास बसतो. कोरडी इस्त्री करून, पूर्ण गार झाल्यावरच घडी घाला. हुक लोखंडी नकोत, पितळी लावून घ्या, नाहीतर गंजाचे डाग. जरीचा कपडा सुती फडक्यात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. आणि त्याच पार्सलात मालवणी मसाल्याची पुडी कोंबू नका, कितीही मोह झाला तरी. पुडी फुटली तर ब्लाऊज गेला, आणि कस्टममध्ये अडकली तर पार्सल गेलं.

पोस्टाने पाठवताना कस्टमच्या फॉर्मवर वस्तू आणि किंमत खरी लिहा. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर द्यायचं तर पिशवी उघडी द्या. सीलबंद पुडकं कुणाच्याही बॅगेत टाकायला सांगू नये.

कपडा हातात आला की धुण्याआधी घाला. हात वर करा, खाली बसा, ब्लाऊज असेल तर पदर घेऊन बघा. कुठे किती सैल, किती घट्ट ते इंचात मोजून लगेच कळवा आणि टेलरला तुमच्या नावापुढे वहीत उतरवून घ्यायला सांगा. मग उरलेली चार कापडं शिवायला टाका.