नवीन चाकं घेताय? या चुका टाळा

अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं, घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. काळी घेऊ की डायमंड कट? पीसीडी किती, ईटी किती, मधलं भोक केवढं, हे कुणी विचारत नाही. माझं काम अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं. चाकं कुठूनही घेतली तरी त्यांची दुखणी शेवटी माझ्याच रॅम्पवर येतात, आणि वर्षानुवर्षं तीच ती येतात.

“बसतंय की!”

सगळ्यात घातक चूक ही. बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून वर्तुळ काढलं तर त्याचा जो व्यास, तो पीसीडी. स्विफ्टला 4 बाय 100 (म्हणजे 4 बोल्ट, 100 मिलिमीटर व्यास), फोर्ड फिगोला 4 बाय 108, पोलोला 5 बाय 100, इनोव्हा आणि क्रेटाला 5 बाय 114.3. यातल्या एका आकड्याचं चाक दुसऱ्या आकड्याच्या गाडीवर चढतच नाही, त्यामुळे तिथे धोकाही नाही. घात होतो तो जवळच्या आकड्यांत. आपल्या रांजणगावात बनलेल्या फियाट पुंटो आणि लिनिया, दोघींचा पीसीडी 4 बाय 98. बाजारात ढिगाने मिळतात ती चाकं 4 बाय 100 ची. फरक फक्त 2 मिलिमीटर, आणि चाक चढतं!

अशीच एक लिनिया माझ्याकडे आली. तक्रार एकच: ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. मालकांनी दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतलं होतं, तिसऱ्यांदा करून द्या म्हणाले. मशीनवर चाक अगदी शून्य दाखवत होतं. दाखवणारच, कारण मशीन चाकाला मधल्या भोकात धरतं, गाडीवर मात्र ते बोल्टनी ओढून बसवलेलं. बोल्टच्या भोकांत टॉर्च मारला. बोल्ट टेकतो ती उतरती कड चहूबाजूंनी सारखी चमकायला हवी. इथे तीन भोकांत ती एकाच बाजूने घासलेली. हाताने बोल्ट लावून पाहिले, तर पहिला सरळ गेला आणि समोरचा दोन आट्यांत अडला. दुकानदाराने तोच गनने ठोकून आत घातला होता. एका बोल्टच्या डोक्याखाली बारीक चीर पडलेली. आणि हे साहेब बायको-मुलांना घेऊन खंबाटकी उतरून आलेले.

“पण दादा, दोन एमएमने काय होतं? दुकानदारच म्हणाला.”

होतं ते असं. व्यासात 2 म्हणजे प्रत्येक बोल्ट आपल्या जागेपासून साधारण 1 मिलिमीटर सरकलेला. तो तिरका बसतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो, आणि मग एक तर ढिला होतो नाही तर तुटतो. त्यांच्या घरी जुन्या लोखंडी रिम पडून होत्या. त्या मागवल्या, गाडी त्यांच्यावरच परत गेली. सरकती कडी असलेले वॉबल बोल्ट मिळतात म्हणून काही पोरं वाद घालतात. मिळतात, पण माझ्याकडे येतात त्यांच्यावर बनवणाऱ्याचं नावही नसतं. मी ते बसवत नाही.

माझी सवय सांगतो. गाडी जॅकवर असतानाच सगळे बोल्ट हाताने, चाक टेकेपर्यंत फिरवायचे. एक जरी अडला तरी काम थांबवायचं. मग समोरासमोरचे घट्ट करत जायचं, आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने: होंडा सिटीला 108 न्यूटन मीटर, पोलोला 120, बाकीच्यांचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा तपासायचं. त्यासाठी मी पैसे घेत नाही, तरी दहातले दोन येतात. बाकीच्यांना घाई असते.

पाच भोकांच्या चाकावर टेप समोरासमोर धरून पीसीडी मोजू नका, चुकतो. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्या आणि 1.7 ने गुणा.

मधलं भोक

थरथरीचं दुसरं कारण हे. चाकाचं मधलं भोक गाडीच्या ज्या गोल उंचवट्यावर बसतं, तो हब. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा, पोलोचा 57.1. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवलेलं असतं. मधली फट भरायला रिंग लागते. ती शंभर-दोनशेची रिंग दुकानदार देत नाही, गिऱ्हाईक मागत नाही, आणि मग बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग चालू राहतं.

बाहेर काढलेली चाकं

ईटी म्हणजे ऑफसेट: चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर. हा आकडा चाकाच्या मागच्या बाजूला उठवलेला असतो. तो कमी झाला की चाक बाहेर येतं. कॉलेजच्या पोरांना तेच हवं असतं. जरा हिशेब करा. मूळ चाक 5 इंच रुंद, ईटी 45. नवीन 7 इंच, ईटी 35. रुंदीतला निम्मा फरक 25.4 आणि ऑफसेटचे 10, म्हणजे बाहेरची कड 35 मिलिमीटरने पुढे. शिवाय आतली कडही 15 ने शॉकअपकडे सरकली. मग खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो, बेअरिंग लवकर आवाज करतं, आणि शिव्या मला. तपासायचं असेल तर मागे तीन धष्टपुष्ट मित्र बसवा, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा आणि गतिरोधकावरून हळू न्या. दुकानासमोर रिकाम्या गाडीत सगळंच बसतं.

स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती, लावून जागा करणं? माझ्याकडे नाही.

टायरचा आकार

टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचे इंच. स्विफ्टच्या 185/65 आर15 टायरची एकूण उंची साधारण 621 मिलिमीटर. 16 इंची चाकावर 195/55 घेतला तर तेवढीच राहते. 195/60 घेतला की 640 च्या पुढे जाते, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. लोड इंडेक्सही बघा: 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, 82 म्हणजे 475. स्वस्तात मिळाला म्हणून कमी आकड्याचा टायर घालू नका.

वेल्डिंग केलेलं अलॉय घेऊ नका, कुणी कितीही गुळगुळीत पॉलिश करून दिलं तरी.

नट जुनेच वापरणं

होंडाच्या मूळ नटाची बैठक चेंडूसारखी गोल असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी उतरती. गोल नट उतरत्या बैठकीत नीट टेकत नाही; तुम्ही कितीही आवळा, तो सुटतोच. त्यामुळे नवीन चाकांबरोबर नवीन नट घ्या, आटे तेच बघून: मारुतीला 12 बाय 1.25 (जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), होंडा-टोयोटाला 12 बाय 1.5. पण जुने नट भंगारात देऊ नका. डिक्कीतली स्टेपनी अजून कंपनीच्याच लोखंडी रिमवर आहे, आणि तिला ते गोल नटच लागतात. एका चाकाचे नट पिशवीत बांधून स्टेपनीखाली टाकून ठेवा.