पांडवलेणीत धर्म आणि राजसत्तेची सांगड कशी वाचावी

नाशिकजवळच्या पांडवलेणीत क्रमांकाप्रमाणे फिरू नका. इथल्या २४ लेण्यांचे क्रमांक डोंगरावरच्या जागेनुसार दिलेले आहेत, काळानुसार नव्हेत. धर्म आणि सत्ता एकमेकांत कशी गुंतत गेली हे पाहायचं असेल तर १९, १० आणि ३ असा क्रम धरा. पांडवांचा या लेण्यांशी संबंध नाही. शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे आणि लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत.

सोबत बॅटरी आणि वही ठेवा. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते. समोरून उजेड टाकला तर अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. अक्षरांत खडू भरणं, बोट फिरवणं, पाणी शिंपडणं यातलं काहीही करू नका. दगड झिजतो आणि गेलेलं अक्षर परत येत नाही. लिपी ब्राह्मी आहे. अधिकाच्या चिन्हासारखा ‘क’ आधी ओळखायला शिका, मग बाकीची अक्षरं सापडू लागतात.

प्रत्येक लेखाला चार प्रश्न विचारा: दान कोणी दिलं, कोणाला दिलं, पैसा किंवा धान्य कुठून येणार, आणि नोंद कोणी ठेवली?

लेणं १९ लहान आहे, पण इथल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. सातवाहन कुळातल्या कन्ह (कृष्ण) राजाच्या काळात नाशिकच्या श्रमणांच्या (भिक्खूंच्या) महामात्राने ते करवलं, असं खिडकीवरचा लेख सांगतो. म्हणजे भिक्खूंची व्यवस्था पाहायला सरकारी अधिकारी होता. लेख छोटासाच आहे, पण त्यातला हा हुद्दा वहीत नक्की टिपून घ्या.

लेणं १० मध्ये घाई करू नका. क्षहरात वंशातला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याचा जावई उषवदात याचे लेख ओसरीत आहेत. त्याने भिक्खूंसाठी ३,००० कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून दिली. त्यातली २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे), महिना शेकडा १ व्याजाने. गणित स्वतः करून पाहा: वर्षाला २४० होतात, आणि वर्षावासातल्या (पावसाळ्यातल्या मुक्कामातल्या) २० भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ मिळतात. उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण, म्हणजे वर्षाला ९०. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून फलकावर नोंदवला होता. राजघराण्याचं पुण्य, विणकरांचं भांडवल आणि संघाचं वस्त्र एकाच करारात बांधलं आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे उषवदाताला ‘बौद्ध’ ठरवून मोकळं होणं. याच लेण्यात तो ब्राह्मणांना गायी आणि गावं दिल्याचंही अभिमानाने कोरवतो. दान एका पंथापुरतं नव्हतं. ज्या ज्या ठिकाणी मान मिळत होता, तिथे तिथे ते पोचत होतं.

आता लेणं ३. दर्शनी भागाचं वजन खांद्यावर घेतलेले यक्ष पाहा, मग खांबांची १० शी तुलना करा. हरलेल्या नहपानाच्या बाजूच्या लेण्याचा नमुना जिंकणाऱ्या सातवाहनांनी उचललेला दिसेल. गौतमी बलश्रीचा मोठा लेख मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या, मृत्यूनंतरचा आहे. त्यात त्याने क्षहरात वंश निःशेष केल्याचं आणि तो ‘एकबम्हण’ (अद्वितीय ब्राह्मण) असल्याचं म्हटलंय. प्रशस्ती (राजाची स्तुती) जशीच्या तशी खरी धरू नका, पण ही बढाई बौद्ध भिक्खूंच्या लेण्यात कोरली आहे, हे विसरू नका. क्षहरातांचा पराभव मात्र नुसता शब्दांतला नाही: १९०६ साली जोगलटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून जास्त चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० हून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला आहे.

शेवटी इथेच ओसरीत सातकर्णीच्या दोन आज्ञा शोधा. राज्यकाळाच्या वर्ष १८ च्या आज्ञेत त्याने पूर्वी उषवदाताकडे असलेली २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन भिक्खूंना दिली. सोबत सवलती आहेत: सैनिकांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अधिकाऱ्यांनी हात लावायचा नाही. राजा इथे स्वतःच्याच अंमलदारांना संघाच्या दारात थांबवतो. पण कागदावरचं दान शेतात उतरेलच असं नाही. वर्ष २४ चा लेख सांगतो की ती जमीन ज्या गावात होती तो गाव वसलेला नाही आणि शेत कसलं जात नाही. म्हणून नगराच्या सीमेवरची १०० निवर्तनं राजाच्या मालकीची जमीन बदल्यात दिली. दोन्ही आज्ञा एकाच भिंतीवर, एकाखाली एक आहेत.