रात्रीचा कास्तेल सान्तांजेलो आणि पोपची चोरवाट: निघण्याआधी

रोमच्या कास्तेल सान्तांजेलो या किल्ल्याला रात्री जायचं ठरलं असेल, तर बॅग भरायच्या आधी सूर्यास्ताची वेळ बघा. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे आठचं तिकीट काढलंत तर लख्ख उजेडात फिराल. डिसेंबरात पाचलाच अंधारतं, तेव्हा दुपारी उशिराचं साधं तिकीटही पुरतं. सोमवार सहसा सुट्टीचा. पासेत्तो, म्हणजे किल्ल्यातून व्हॅटिकनकडे जाणारी चोरवाट, डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा खुली झाली, पण तिथे मार्गदर्शकासोबत गटागटानेच सोडतात. किल्ल्याच्या तिकिटात ती आपोआप येईल असं धरून चालू नका. आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि फेरीची भाषा आधी बघा, नाहीतर इटालियन ऐकत नुसत्या माना डोलवाव्या लागतील.

चोरवाट म्हटलं की आपल्याला देवगिरीची अंधारी आठवते. तसलं काही इथे नाही. पासेत्तो मुळी जमिनीखाली जातच नाही. सुमारे आठशे मीटर लांबीच्या तटाच्या पोटातून एक झाकलेली अरुंद वाट आणि तिच्या डोक्यावरून दुसरी, उघडी. रस्त्यावरच्या माणसाला ती जुनी भिंतच वाटते, गुपित आहे ते एवढंच. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी किंवा उंचीवर पाय लटपटणाऱ्यांनी हे लक्षात घेऊनच पैसे भरावेत. मोठी सॅक तर नकोच. जाण्याआधी १५२७ची हकीकत वाचून जा, तिच्याशिवाय ही भिंत मुकी आहे. ६ मे रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सचं पगार थकलेलं सैन्य शहरात घुसलं, पोपच्या १८९पैकी १४७ स्विस रक्षक मारले गेले, आणि पोप सातवा क्लेमेंट याच वाटेने किल्ल्याकडे पळाला. पांढऱ्या झग्यामुळे खालून नेम धरणं सोपं जाईल, म्हणून इतिहासकार पाओलो जोव्हिओने आपला जांभळा झगा त्याच्या अंगावर टाकला म्हणतात.

तुमच्या अंगावर मात्र जाकीट हवं. वरच्या गच्चीवर, कांस्याच्या देवदूताच्या पायाशी, उन्हाळा सोडला तर रात्री चांगलंच गार वाटतं. बूट घट्ट पकडीचे घाला. किल्ला मुळात सम्राट हेड्रियनची कबर. तिच्या पोटातला गोल फिरत चढणारा उतार मंद उजेडातला आहे, पुढे पायऱ्याही बऱ्याच. गुडघे कुरकुरत असतील तर वेळ वाढवून धरा. टॉर्च फोनचा पुरतो, फक्त फोन चार्ज करून न्या. पासपोर्ट आणि पैसे आतल्या खिशात ठेवा, विशेषतः तेर्मिनी स्टेशनहून ६४ नंबरच्या बसने येणार असाल तर, कारण ती पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. परतीला मेट्रोच्या ए लाइनवरचं लेपांतो स्टेशन चालत गाठता येतं, पण शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते त्याच दिवशी बघून ठेवा.